कंपनीसाठी डिझेल हॅचबॅक घेताना: रनिंगच्या हिशोबापासून पासिंगपर्यंत

कोल्हापूर भागातली शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर किंवा कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत घ्या, छोट्या कंपनीत गाडी घ्यायचा क्रम बहुतेक वेळा उलटाच असतो. आधी मॉडेल ठरतं, मग रंग ठरतो, आणि शोरूममध्ये कोटेशन निघताना समोरचा विचारतो, "साहेब, पासिंग कंपनीच्या नावावर करायचं की तुमच्या?" त्या क्षणी सुचेल ते उत्तर दिलं जातं. त्या एका उत्तरात साठ-सत्तर हजारांचा फरक पडू शकतो. डिझेल घ्यावं की नाही, हा प्रश्न तर "हायवेला जातो की आपण" एवढ्यावरच मिटलेला असतो.

मार्केटिंगवाल्या किंवा सर्व्हिस इंजिनिअरच्या हातात देण्यासाठी एक-दोन डिझेल हॅचबॅक घेणाऱ्या मालकासाठी हा लेख आहे. ही खरेदी ज्याच्या गळ्यात पडते त्या अकाउंट्सच्या माणसासाठीही आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला लागतं.

## टप्पा १: महिन्याचं रनिंग कागदावर आणा

गाडी ज्याला द्यायची आहे त्याला "महिन्याला किती फिरतोस?" असं विचारू नका. माणसाला लांबच्या फेऱ्या आठवतात, गावातल्या आठवत नाहीत. त्याची गेल्या तीन महिन्यांची टीए (प्रवासखर्चाची) बिलं काढा आणि प्रत्येक फेरी लिहा: कुठून कुठं, किती किलोमीटर, किती ठिकाणी थांबून, सोबत किती माणसं, काय सामान.

अंतरं ढोबळ धरली तरी चालतात. कोल्हापुरातून एका बाजूने पुणे सुमारे २३० किलोमीटर, बेळगाव ११०, सांगली ५०, इचलकरंजी ३०.

आता प्रत्येक फेरी दोनपैकी एका रकान्यात टाका. गाडी सलग वीस मिनिटं पन्नास-साठच्या वेगाने चालते अशी फेरी "हायवे" रकान्यात. बाकी सगळं "गाव" रकान्यात. शाहूपुरीतली बँक, लक्ष्मीपुरीतला व्यापारी, उद्यमनगरातलं मशीन शॉप, परत कारखाना, अशा दिवसभराच्या फेऱ्या मिळून पन्नास किलोमीटर भरले तरी ते गावचेच किलोमीटर. इथंच जास्त लोक फसतात. "रोज पन्नास किलोमीटर रनिंग आहे" एवढं ऐकून डिझेल घेतात आणि त्यातला एकही किलोमीटर सलग नसतो.

तपासा: दोन्ही रकान्यांची बेरीज आणि टीए बिलांतले एकूण किलोमीटर जुळतात का? जुळत नसतील तर गावातल्या फेऱ्या सुटल्या आहेत.

## टप्पा २: डिझेलचा जादा पैसा किती किलोमीटरला वसूल होतो ते काढा

हिशोब चार ओळींचा आहे, पण आकडे तुमचे हवेत. पंपावरचा त्या दिवशीचा भाव घ्या. ॲव्हरेज कंपनीच्या जाहिरातीतलं घेऊ नका, ती गाडी वापरणाऱ्या माणसाकडून घ्या.

उदाहरणासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. एकाच गाडीचं पेट्रोल मॉडेल लिटरला १४ आणि डिझेल १९ देतं असं धरू.

पेट्रोल: १०४ ÷ १४ = किलोमीटरला ७.४३ रुपये.
डिझेल: ९१ ÷ १९ = किलोमीटरला ४.७९ रुपये.
बचत: किलोमीटरला २.६४ रुपये.

आता जादा किंमत. एक्स-शोरूम फरक १,२०,००० धरला आणि गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असेल तर त्यावर २० टक्के आरटीओ टॅक्सही जातो (तो का, ते टप्पा ४ मध्ये). म्हणजे फरक १,४४,०००. भागिले २.६४ केलं की येतात सुमारे ५४,५०० किलोमीटर.

महिन्याला १,२०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तिथं पोचायला पावणेचार वर्षं लागतात, १,५०० वाल्या गाडीला तीन वर्षं, २,५०० वाल्या गाडीला दोन वर्षांच्या आत. डिझेलची सर्व्हिसिंग थोडी महाग पडते, तेव्हा यात दोन-तीन महिने आणखी मिळवा.

माझं मत स्पष्ट आहे. महिन्याला १,५०० च्या खाली डिझेलचा विचारच सोडा. २,००० च्या वर आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग हायवेचा असेल तर डिझेल बिनधास्त घ्या. मधल्या पट्ट्यात असाल तर पुढचा टप्पा निर्णय देईल.

सीएनजीची तुलनाही इथंच उरका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर सीएनजी गाडीला आरटीओ टॅक्स कमी लागतो, पण कंपनीच्या नावावर ती सवलत किती उरते ते आधी विचारून घ्या. शिवाय डिकी जाते. टाटा अल्ट्रोझची डिझेल-पेट्रोलमधली डिकी ३४५ लिटरची आहे, सीएनजीत ती २१० लिटरवर येते. कास्टिंगचे सँपल किंवा पॅटर्न घेऊन फिरणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. लॅपटॉपची बॅग आणि कॅटलॉग एवढंच न्यायचं असेल तर सीएनजीचा हिशोब जरूर करा.

सावधान: "डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात जाते" हे दिल्ली आणि राजधानी परिसराच्या नियमावरून पसरलेलं आहे. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचं पासिंग १५ वर्षांचं असतं, आणि त्यानंतर तपासणी करून ते वाढवता येतं.

## टप्पा ३: डीपीएफच्या परीक्षेत तुमचं रनिंग पास होतं का?

१ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराचे बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळते. त्यासाठी धुराचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, म्हणून गाडी काही वेळ जास्तीचं डिझेल सोडते. हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालायला हवी.

गावातल्या फेऱ्यांत नेमकं हेच होत नाही. काजळी जळायला सुरुवात होते आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी अडकते, किंवा माणूस बँकेसमोर गाडी बंद करून आत जातो. काम अर्धवट राहतं. पुढच्या फेरीला पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. जास्तीचं सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. डिपस्टिक काढल्यावर ऑइल वरच्या खुणेच्या पुढं दिसलं आणि बोटाला लावून वास घेतल्यावर डिझेलचा वास आला, तर हेच घडतंय समजा. "ऑइल कमी झालं नाही, उलट वाढलंय, म्हणजे इंजिन चांगलं" असं समजणारे लोक आहेत. ते ऑइल तेव्हाच बदलायला हवं असतं.

म्हणून नियम असा ठेवा: आठवड्यातून निदान दोनदा गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं हायवेला लागत असेल तरच बीएस-६ डिझेल. तावडे हॉटेलपासून कागलपर्यंतची एक मोकळी फेरीसुद्धा पुरते. पण ती फेरी कामाची असावी. फक्त फिल्टर साफ करायला माणूस कागलला पाठवावा लागत असेल तर तुम्हाला पेट्रोल गाडी लागते.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की काय करायचं, हे गाडी देतानाच चालवणाऱ्याला सांगा. गाडी बंद करायची नाही, हायवेला घ्यायची, एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर राखायचा आणि दिवा जाईपर्यंत चालवायची. जागेवर रेस करून भागत नाही. दिवा तसाच ठेवून आठवडाभर फिरलं की गाडी ओढेनाशी होते आणि मग वर्कशॉपशिवाय इलाज नसतो.

सावधान: "डीपीएफ काढून देतो, कटकटच नको" असं सांगणारे भेटतील. कंपनीच्या गाडीत हे अजिबात करू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या कंपनीवर येते.

काही डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचं वेगळं द्रव भरावं लागतं. तुम्ही बघताय त्या मॉडेलला ते लागतं का, हे कोटेशन घेतानाच विचारा. तो खर्च आणि ती आठवण दोन्ही तुमच्या अंगावर असतात.

## टप्पा ४: नाव कोणाचं, हे शोरूमला जाण्याआधी सीएसोबत ठरवा

हा टप्पा सर्वांत महाग आहे आणि याच टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

आरटीओ टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंतच्या डिझेल गाडीला एकरकमी टॅक्स १३ टक्के आहे. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली की २० टक्के. ९ लाखांच्या गाडीवर १,१७,००० च्या जागी १,८०,००० होतात, फरक ६३,०००. तुमचा धंदा प्रोप्रायटरशिपचा असेल तर गाडी तुमच्याच नावावर येते आणि हा प्रश्न उद्भवत नाही. भागीदारी फर्म किंवा एलएलपी असेल तर कोटेशनमधली टॅक्सची ओळ सही करण्याआधी वाचा.

जीएसटी. "कंपनीच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल" हा गैरसमज जाता जात नाही. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक आणि ड्रायव्हिंग स्कूल असे थोडे धंदे याला अपवाद आहेत. फाउंड्री, मशीन शॉप, कापड, चांदी, गूळ यांपैकी कोणताही धंदा त्यात बसत नाही. अशा गाडीच्या दुरुस्तीवरचं आणि विम्यावरचं क्रेडिटही मिळत नाही. डिझेल तर जीएसटीतच नाही. भरलेला जीएसटी गाडीच्या किमतीत धरून त्यावर घसारा (दरवर्षी किमतीचा काही भाग खर्चात टाकणं) घ्यायचा, एवढाच मार्ग आहे.

दिलासा एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात, आणि हॅचबॅक त्यात सहज बसते.

घसारा. गाडीवर वर्षाला १५ टक्के. पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी वापरात आली पाहिजे. आपल्याकडं दसऱ्याला गाडी दारात यावी अशी हौस असते आणि ती असावीच. पण दसरा ऑक्टोबरच्या मध्यात येणार असेल तर १० लाखांच्या गाडीवर त्या वर्षीचा घसारा १,५०,००० च्या जागी ७५,००० होतो. हा फरक माहीत असताना मुहूर्त धरा. उलट, मार्चमध्ये घेतलेल्या आणि वापरात आलेल्या गाडीलाही तोच निम्मा घसारा मिळतो, त्यामुळं नोव्हेंबरपेक्षा मार्च वाईट नाही.

कर्मचाऱ्याचा कर. गाडी कामाला आणि घरालाही वापरली तर त्याच्या पगारात सुविधा म्हणून काही रक्कम धरली जाते. ती इंजिन १.६ लिटरपर्यंत आहे की त्यावर, यावरून ठरते. आपल्या बाजारातल्या सगळ्या डिझेल हॅचबॅक आतल्याच गटात येतात. त्या वर्षीची रक्कम सीएकडून लिहून घ्या आणि गाडी देण्याआधी कर्मचाऱ्याला सांगा. पगाराच्या स्लिपवर अचानक दिसली की मन कलुषित होतं.

रोख पैसे. जुनी गाडी घेताना विशेष जपा. एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेली रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरता येत नाही. अर्धी रक्कम चेकने आणि अर्धी रोख दिली तर त्या रोख भागावरचा घसारा कायमचा गेला.

तपासा: एका कागदावर तीन आकडे आणा: वैयक्तिक नावावर ऑन-रोड किंमत, कंपनीच्या नावावर ऑन-रोड किंमत, आणि पाच वर्षांत कंपनीला घसारा, व्याज आणि खर्च यांतून वाचणारा कर. नफा कमी असलेल्या कंपनीला हा कर इतका थोडा वाचतो की जादा आरटीओ टॅक्स भरून निघत नाही. सीएला "काय करू?" असं विचारू नका, हे तीन आकडे मागा.

## टप्पा ५: नवी की जुनी

नव्यात निवड जवळजवळ उरलेली नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडलं. पोलो आणि जॅझची डिझेल बीएस-६ येताना गेली. ह्युंदाई आय-२० चं डिझेल २०२३ च्या नव्या उत्सर्जन नियमांच्या वेळी थांबलं. राहिली टाटा अल्ट्रोझ: १४९७ सीसी, ९० पीएस, २०० न्यूटनमीटर, पाच गिअर, फक्त मॅन्युअल. २०२५ च्या नव्या रूपातही डिझेल ठेवलेलं आहे. टाकी ३७ लिटरची. लिटरला १९ धरले तर पुण्याला जाऊन परत येऊनही पाव टाकीच्या वर डिझेल उरतं. ऑटोमॅटिक हवीच असेल तर नव्या डिझेल हॅचबॅकचा हट्ट सोडावा लागेल.

जुन्या बाजारात मात्र भरपूर आहे. बीएस-४ काळातल्या, म्हणजे बीएस-६ च्या आधीच्या, स्विफ्ट आणि बलेनोमधलं १२४८ सीसीचं इंजिन कोल्हापुरातल्या कुठल्याही मेस्त्रीला पाठ आहे आणि पार्ट कुठंही मिळतात. दोन हजार आरपीएमच्या खाली त्याची ओढ कमी, एवढं घाटात लक्षात ठेवायचं. आय-२० डिझेल हायवेला शांत चालते. पोलो १.५ आणि फिगो १.५ चालवायला उत्तम, पण दोघांना टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळं कंपनीसाठी फिगो घेताना पार्ट किती दिवसांत मिळतो हे आधी विचारून घ्या. कर्मचारी गाडीअभावी आठवडा बसून राहणं तुम्हाला परवडत नाही.

गावातलं रनिंग बरंच असेल आणि तरी डिझेलच हवी असेल, तर डीपीएफ नसलेली, नीट सांभाळलेली बीएस-४ गाडी जास्त शहाणपणाची ठरते.

## टप्पा ६: जुनी गाडी तपासण्याचा क्रम

आधी कागद, मग गाडी. गाडी बघून मन बसलं की कागदातल्या खोट्या बाजू दिसत नाहीत.

१. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, चलन किती थकलंय. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढं पैसे देऊ नका.

२. केए (कर्नाटक) पासिंगची गाडी. बेळगाव आणि चिकोडीकडच्या गाड्या इथं स्वस्तात मिळतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरावा लागतो. तिकडचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण त्याला वेळ लागतो. कंपनीच्या नावावर घेत असाल तर इथला दर पुन्हा कंपनीचाच. हे सगळं मिळवून "स्वस्त" गाडी तपासा.

३. अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्ट्री काढा. प्रत्येक नोंदीचे किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत का, शेवटची नोंद किती जुनी आहे.

४. पुराचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, आणि दोन्ही वर्षी सांगलीही बुडाली. त्याआधीची गाडी असेल तर हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येणारा भाग धुऊन साफ केलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहते. मग सीट पुढं सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट बघा, गंज आहे का. स्टेपनी काढून खालच्या खोलगट जागेतल्या सांध्यांवरून बोट फिरवा, बारीक वाळू लागते का. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समागच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का. यातल्या दोन गोष्टी सापडल्या की किंमत कितीही कमी असो, गाडी सोडून द्या.

५. थंड इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. चालू करताना क्षणभर धूर चालतो. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोट आला तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडं (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघावं लागेल. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना सैल करा. दाबाने उडायला लागलं तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय व्यवहार नाही.

६. क्लच. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे.

## टप्पा ७: टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

शोरूमवाले सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात. त्यात टर्बो डिझेलबद्दल काही कळत नाही. जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ मागा. गाडी चालवणारा माणूस स्वतः चालवू दे, मालकाने मागं बसावं, आणि रोजचं सामान डिकीत असावं. कास्टिंगच्या सँपलची पेटी नेत असाल तर तीच पेटी न्या. डिकीचा उंबरठा ओलांडून ती एकट्या माणसाला आत ठेवता येते का, हे तिथंच कळतं.

चढावर वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरला गाडी उचलते की पहिला टाकावा लागतो ते बघा. गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटातून कोकणात जाणाऱ्याला हे महिन्यातून अनेकदा करायचं आहे. पावसाळ्यात तिथं पुढचा काच धूसर होतो, तेव्हा एसी आणि डिफॉगर चालू ठेवून चढ चढवा. संध्याकाळी नेता आली तर हेडलाइटही तपासून होतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय रस्त्यावर असतात, त्यामुळं दिव्याचा झोत ही इथं चैन नाही.

## टप्पा ८: विमा

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा लागू होत नाही, कारण कंपनी माणूस नाही. त्यामुळं तुमचा चालवणारा उघडा राहतो. पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी, गाडीतून जाणारे कर्मचारी आणि प्रवाशांचा अपघात विमा ही कलमं वेगळी मागून घ्या. हप्ता थोडाच वाढतो.

इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनच्या नुकसानीचं जादा कलम घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून चालू करायचा प्रयत्न झाला की इंजिनात पाणी जाऊन मोठा खर्च येतो. साधी पॉलिसी तो देत नाही. हे कलम घेतलं तरी चालवणाऱ्याला सांगून ठेवा: पाण्यात बंद पडली तर सेल मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टो करायची.

मालकाच्या जुन्या गाडीचा नो-क्लेम बोनस कंपनीच्या नव्या गाडीला मिळत नाही. कोणी कोटेशनमध्ये तो लावून हप्ता कमी दाखवत असेल तर पुढं क्लेमच्या वेळी अडचण तुमची आहे.

## टप्पा ९: पैसे भरण्याआधी गाडी, पैसे भरल्यावर पासिंग

कागद आधीच जुळवा: कंपनीचा पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, नोंदणीचं प्रमाणपत्र, सही करणाऱ्याच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव, त्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि कारखाना इथं असेल तर एमएच-०९ साठी इथल्या युनिटचा पुरावा लागेल. कंपनीचं नाव सगळीकडं अक्षरन् अक्षर सारखं हवं. एका ठिकाणी "प्रा. लि." आणि दुसरीकडं पूर्ण शब्द असले की फाईल परत येते.

टॅक्स भरण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघा. चेसिस नंबर बिलाशी जुळवा, बनल्याचा महिना बघा, टायरवरचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), मीटरवरचे किलोमीटर बघा, डॅशबोर्डवर कुठला दिवा पेटलेला राहत नाही ना ते बघा. पासिंग झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही.

सावधान: आरसीवर कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर देऊ नका. चलन, पीयूसी आणि विम्याचे मेसेज त्या नंबरवर जातात. तो माणूस नोकरी सोडून गेला की कंपनीला काहीच कळत नाही. ऑफिसचा कायमचा नंबर द्या.

## टप्पा १०: किल्ली देताना आणि परत घेताना

एका पानाचं पत्र करा. गाडी घरी नेता येईल का, कुटुंबातलं कोणी चालवू शकेल का, चलन कोण भरणार, डीपीएफचा दिवा लागला तर कोणाला फोन करायचा. लायसन्सची मुदत स्वतः बघा आणि प्रत ठेवा.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून: तारीख, ठिकाण, सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, काम, डिझेल. गाडी फक्त कामाला वापरली असं आयकरात म्हणायचं असेल तर या नोंदींशिवाय पर्याय नाही. सहा महिन्यांनी बसून भरलेलं लॉगबुक ओळखू येतं.

पुण्याच्या वाटेवर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार टोलनाके लागतात. खासगी गाडीचा फास्टॅग वार्षिक पास २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडणं ही एक फेरी. पुण्याला जाऊन येण्यात आठ फेऱ्या खर्च होतात, म्हणजे पंचवीस वेळा जाता येतं. वर्षाला दहा-बारा खेपा असल्या तरी हिशोब करून बघा.

चार-पाच वर्षांनी गाडी विकताना विक्रीची किंमत पुस्तकातल्या घसारा वजा किमतीपेक्षा जास्त आली तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. कमी आली तर लागत नाही. सौदा ठरवण्याआधी अकाउंटंटकडून तो आकडा घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे काम संपत नाही. आरसीवर नवं नाव चढेपर्यंत अपघाताची नोटीस कंपनीलाच येते, तेव्हा पोर्टलवर नाव बदललेलं स्वतः बघा. आणि गाडी जाण्याआधी काचेवरचा फास्टॅग काढून बँकेत बंद करून घ्या, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.